चाखायची पळी

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट एकदा वाचला, बाजूला ठेवला, आणि पुन्हा उचलून वाचला. समोरच्या खुर्च्यांवर बाबा, सासूबाई आणि सून असे तिघे बसले होते. सुनेच्या मांडीवर तिची आठ महिन्यांची मुलगी स्वतःची मूठ चोखत होती. मुलीला नाव होतं, पण घरात सगळे तिला गठुडंच म्हणत.

"गोळ्या वेळेवर घेताय ना?"

"मी स्वतः तोंडात घालते," सासूबाई म्हणाल्या. "गिळेपर्यंत समोरून हलत नाही. मग आ करून दाखवायला लावते."

"लावते," बाबा म्हणाले. "ह्या वयात."

"मग मला कळत नाही." डॉक्टरीणबाईंनी वाकून बाबांच्या नडगीवर अंगठा दाबला. अंगठा काढल्यावर तिथे खळगा राहिला, ओल्या मातीत राहतो तसा. "अंगातलं पाणी काढायची ती पाण्याची गोळी चालू आहे तरी सूज वाढलीय. ब्लडप्रेशर वर. आणि रक्तातलं पोटॅशियम मागच्या वेळेपेक्षाही खाली. हे असंच उतरत राहिलं तर हृदयाचा ताल बिघडेल. तो एकदा बिघडला की मला बोलवायला वेळ मिळत नाही. घाबरवायचं म्हणून सांगत नाही."

"घाबरवलंत तर बरं होईल," सासूबाई म्हणाल्या. "मला तर कधी घाबरले नाहीत."

"दुसरं काही घेता का? काढा, चूर्ण, झाडपाल्याचं काही?"

बाबा खुर्चीत ताठ झाले. गल्लीत त्यांना नावानं कोणी ओळखत नसे. ते अर्कवाले. हृदयाला बळ देणारा सालीचा अर्क त्यांच्या वडिलांनी केला, त्यांच्या आजोबांनी केला, आणि आता ते करत होते.

"मी अर्क करतो, डॉक्टर. घेत नाही. आपल्या भट्टीचं आपण प्यायला लागलो की आधी भट्टी बुडते आणि मग आपण, असं आमचे वडील सांगायचे."

"ते मात्र खरं हं," सासूबाईंनी दुजोरा दिला. "साधा खोकला झाला तरी दुसऱ्याच्या दुकानातून औषध आणतात. लोक हसतात."

डॉक्टरीणबाईंनी तिसरा साक्षीदार म्हणून सुनेकडे पाहिलं. "नाही," सून म्हणाली, "बाबा कधीच घेत नाहीत."

तिघांपैकी कोणीही खोटं बोललं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी पाण्याची गोळी वाढवली, रोज केळं खायला सांगितलं आणि लवकर पुन्हा रक्त तपासायला बोलावलं.

बाबांचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. काचेच्या कपाटात तपकिरी बाटल्या, खाली बुचांची परडी, आणि मागच्या खोलीत शेगडीवर कायम एक मोठं पातेलं. आदल्या दिवशी भिजत घातलेली साल सकाळी उकळायला लावायची, पाणी चौथाईवर आलं की फडक्यातून पिळून घ्यायची, आणि तो रस पुन्हा मंद आचेवर चढवायचा. दुसऱ्या शेगडीवर ज्येष्ठमधाच्या मुळ्या. साल फार उग्र, तिला ज्येष्ठमधाची जोड लागते. "दोघं नवराबायकोसारखे," बाबा सांगत. "भांडले पाहिजेत, पण संसार मोडता कामा नये."

अर्क झाला की नाही हे ठरवायला त्या खोलीत घड्याळ नव्हतं, मोजमापाची नळी नव्हती. बाबांची जीभ होती. भिंतीवरच्या खिळ्याला एक लहान पळी टांगलेली असे. पळीभर रस घ्यायचा, फुंकर घालायची, जिभेवर धरायचा आणि गिळायचा. थुंकायचा नाही. थुंकणाऱ्याला अर्धंच कळतं. कडूपणा आधी आला पाहिजे, मग निघून गेला पाहिजे, आणि आपण विसरलो की घरात काहीतरी राहून गेलेल्या पाहुण्यासारखा परत आला पाहिजे. तो परत येणारा कडूपणा घशाखाली भेटतो. तो भेटेपर्यंत थोडं ज्येष्ठमध, थोडी आच, आणि पुन्हा पळी.

बाबांचा मुलगा फ्रिज दुरुस्त करणारा. त्यानं एकदा म्हणून पाहिलं होतं, "बाबा, दाटपणा मोजायचा काटा मिळतो. आणून देऊ?"

"काट्याला घसा असतो का?" बाबांनी विचारलं होतं, आणि विषय संपला होता.

तर त्या घरात पिणं वेगळं आणि चाखणं वेगळं. पिणं म्हणजे गिऱ्हाइकाचं, सकाळ-संध्याकाळ चमच्यानं. चाखणं म्हणजे काम. सासूबाई भाजीचं मीठ बघतात तेव्हा त्या जेवल्या असं कोणी म्हणत नाही, तसंच ते. ह्यात लपवाछपवी कसली नव्हती. पळी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर टांगलेली होती.

पळीला हात लावायची बंदी एकाच माणसाला होती. मुलगा फ्रिजकडे वळल्यावर बाबांनी सुनेला चाखायला शिकवलं होतं. लग्नानंतर पहिलं वर्षभर ती त्यांच्याशेजारी उभी राहून तोंडं वेडीवाकडी करत असे आणि ते हसत असत. हळूहळू तिला तो परत येणारा पाहुणा ओळखू यायला लागला. मग तिला दिवस गेले. सासूबाईंनी त्याच दिवशी फर्मान काढलं, "आता पळी बंद. पोटातल्याला बाधेल, आणि पुढे अंगावर पितंय तोपर्यंतही नाही. दुधात उतरतं." तेव्हापासून सून बाटल्या धुई, लेबलं चिकटवी, फडकं पिळी. जिभेला मात्र सुट्टी.

गेले काही महिने बाबांचं जेवणावरून कुरबुर करणं वाढलं होतं.

"घरातलं मीठ संपलंय का?"

"मीठ आहे. तुमचं लक्ष नाही जेवणात."

"लक्ष असायला जेवणात काहीतरी असावं लागतं."

"मग उद्यापासून तुम्ही करा आणि मी नावं ठेवते."

घरच्यांना वाटे, आजारपणानं माणूस चिडका होतो. मागच्या खोलीतही वेळ लागत होता. पूर्वी दुपारच्या आत उतरणारं पातेलं आता उन्हं कलली तरी शेगडीवर असे. "आज साल मुकी आहे," बाबा म्हणत. कधी सालवाल्याला बोल लावत, कधी ज्येष्ठमधवाल्याला. मग आणखी मुळ्या टाकत, आणखी आटवत, आणि पळी परत खिळ्याला टांगायलाही वेळ मिळत नसे. ती पातेल्याच्या काठावर आडवीच पडलेली असे.

एका दुपारी निवृत्त मास्तरीणबाई दुकानात आल्या. बाबा गोळी घेऊन पडले होते, सासूबाई वर कपडे वाळत घालत होत्या. मास्तरीणबाईंनी पिशवीतून बाटली काढून सुनेपुढे ठेवली.

"ही परत घे ग. अर्क आहे की पाक? चमच्याला चिकटून बसतो. आणि हल्ली डोकं जड असतं. हे बघ, बोटातली अंगठी निघत नाही, साबण लावला तरी." त्यांनी सुजलेलं बोट दाखवलं. "तुझ्या सासऱ्यांना मात्र सांगू नकोस. त्यांना वाईट वाटेल. आधीचीच अजून उरलीय म्हणून परत केली, असं सांग."

त्या गेल्यावर सुनेनं बूच काढलं. वासानंच तिला शंका आली. तिनं पाळण्याकडे पाहिलं. गठुडं ओठ हलवत झोपलं होतं. मग बोटाच्या टोकावर एक थेंब घेतला आणि जिभेला लावला.

आधी गोडवा आला. जडशीळ, जिभेवर बसला तो उठेचना. आणि त्याच्यामागून कडूपणा. तो गेलाच नाही, मग परत यायचा प्रश्नच कुठे. पाहुणा कसला, दार मोडून आत शिरलेला माणूस तो. सुनेनं मोरीत थुंकलं. हे पातेलं कितीतरी आधीच उतरायला हवं होतं. साल मुकी नव्हती. बाबा बहिरे झाले होते.

तिनं चूळ भरली, पुन्हा भरली, दुधात काही उतरू नये म्हणून जीभ फडक्यानं पुसली. आणि पुसता पुसता तिचा हात थांबला.

आईच्या जिभेवरचा एक थेंब जर बाळाच्या पोटापर्यंत पोचतो, तर बाबांच्या जिभेवरची पळी बाबांच्या पोटात का पोचत नाही?

मागच्या खोलीतून पातेल्याच्या काठावर पळी आपटल्याचा आवाज आला. बाबा उठले होते. ती दारात जाऊन उभी राहिली. बाबांनी फुंकर घातली, पळी तोंडाला लावली, डोळे मिटून वाट पाहिली, मान हलवली. ज्येष्ठमधाचा रस वाटीनं ओतला. ढवळलं. पुन्हा पळी. सुजलेल्या पावलांना चपला होत नव्हत्या, म्हणून ते फरशीवर अनवाणी उभे होते.

"आलीस?" ते म्हणाले. "आजही बघ, साल तोंडच उघडत नाही."

"बाबा, पुरे आता."

"पुरे कसं? अजून आलाच नाही तो."

सासूबाई खाली येऊन दुपट्यांच्या घड्या घालत बसल्या, तेव्हा सुनेनं हळू आवाजात त्यांना सांगितलं.

"वेडी का तू," सासूबाई म्हणाल्या. "ते चाखतात. पितात कुठे?"

"दिवसातून किती वेळा, आई?"

"लागेल तितक्या वेळा. त्याचा कोण हिशेब ठेवतं?" सासूबाईंनी आणखी एक घडी घातली. मग ती मोडून पुन्हा घातली. मग दुपटं तसंच मांडीवर राहिलं. "अगं बाई," त्या अगदी हळू म्हणाल्या. "मी समोर उभी राहून गोळी देते. गोळीच्या आधी पळी असते ग. आणि नंतरही. मी बघत उभी असते."

दुसऱ्या दिवशी सून आणि तिचा नवरा बाटली घेऊन दवाखान्यात गेले. बाबांना सांगितलं नाही. डॉक्टरीणबाईंनी बाटली उजेडात तिरकी केली, अर्क काचेला धरून सावकाश खाली उतरला.

"ह्यात काय काय असतं?"

"साल असते," सून म्हणाली. "आणि ज्येष्ठमध. हल्ली ज्येष्ठमध जास्त."

डॉक्टरीणबाईंनी बाटली टेबलावर ठेवली. मग म्हणाल्या, "ज्येष्ठमध जास्त झालं की अंगात पाणी धरतं, ब्लडप्रेशर चढवतं आणि पोटॅशियम बाहेर काढतं. माझी पाण्याची गोळीही पोटॅशियम काढते. दोन्ही बाजूंनी उपसा चाललाय. आणि सालीचं म्हणाल तर तीही हृदयावर काम करते, पण किती आणि कशी, ते एवढी आटवल्यावर मीही सांगू शकत नाही." त्यांनी चष्मा काढला. "मी 'घेता का' असं विचारलं. 'चाखता का' असं विचारायचं मला सुचलं नाही."

"त्यांची चव गेलीय," सून म्हणाली. "म्हणून ते जास्त चाखतात."

"त्यांच्या गोळ्यांतल्या एकीनं जाते कधीकधी. ती बदलते मी. चव परत येईलच असं नाही सांगता येत. पण येवो न येवो, आता एक थेंबसुद्धा नको. चाखायलाही नाही."

परतताना नवरा स्कूटर बाजूला घेऊन थांबला. "गोळीनं जीभ घेतली, जिभेनं अर्क वाढवला, अर्कानं सूज वाढवली, सुजेनं पुन्हा गोळी," तो म्हणाला. "आमच्याकडे नवखा माणूस असं करतो. गळती कुठे आहे ते बघत नाही आणि वरून गॅस भरत बसतो."

"त्यांना कोण सांगणार?"

"मी सांगितलं तर म्हणतील, ह्याला भट्टी बंदच करायची होती."

"आई?"

"आईचं त्यांनी कधी ऐकलंय?" त्यानं तिच्याकडे न बघता स्कूटर सुरू केली. "तुला शिकवलंय त्यांनी."

तिनं सांगितलं. दुपारी मागच्या खोलीत, गठुड्याला कडेवर घेऊन. रिकाम्या हातांनी सांगायची तिची छाती झाली नसती. बाबांनी ऐकून घेतलं. मध्ये एकदा आच कमी केली, बस.

"ज्येष्ठमधाचं त्या म्हणतात ते असेल," ते म्हणाले. "त्या शिकलेल्या आहेत, त्यांना मी शिकवायला जाणार नाही. पण माझी जीभ गेली असं कोण म्हणतं?"

"मी म्हणते, बाबा."

"तू चाखलंस? अंगावर पाजतेस आणि चाखलंस?"

"थेंबभर."

"थेंबभरात तुला कळलं?"

"कळलं. तुम्हीच शिकवलंत."

बाबा स्टुलावर बसले. बसताना त्यांना धाप लागली, ती ओसरेपर्यंत ते थांबले. "बरं," ते म्हणाले. "परीक्षा घ्या माझी. एका वाटीत मिठाचं पाणी, एकीत साखरेचं, एकीत नुसतं. मी डोळे मिटतो. चुकलो तर तुझं खरं."

सासूबाईंनी वाट्या भरल्या. त्यांचा हात नेहमीच सैल, त्या दिवशी तर त्यांनी मीठ आणि साखर इतकी घातली की तळाशी साका राहिला. बाबांनी डोळे मिटले. सासूबाईंनी पहिल्या वाटीतला चमचा त्यांच्या ओठाला लावला. बाबांनी पाणी जिभेवर धरलं, गिळलं, आणि नेहमीसारखी मान जराशी मागे टाकून थांबले. कोणीतरी परत येण्याची वाट पाहत.

"मीठ," ते म्हणाले.

ते नुसतं पाणी होतं.

सासूबाई उभा जन्म त्यांच्या चुका काढत आल्या होत्या. चपला उलट्या काढल्या, दिवा मालवला नाही, किल्ली हरवली, एक चूक त्यांनी कधी हातची जाऊ दिली नव्हती. त्या म्हणाल्या, "बरोबर."

सुनेनं त्यांच्याकडे पाहिलं. सासूबाईंनी पदरानं नाक पुसलं आणि दुसरा चमचा पुढे केला. तो खाऱ्या पाण्याचा होता.

"साखर," बाबा म्हणाले.

"बरोबर," सासूबाई म्हणाल्या.

बाबांनी डोळे उघडले. कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा मोकळा झाला होता. तिसऱ्या वाटीची त्यांना गरजच वाटली नाही. "बघ," ते सुनेला म्हणाले, रागानं नाही, लाडानं. "घाईत थेंबभर चाखून असं होतं. तुझं अजून कच्चं आहे." आणि त्यांनी पातेल्याच्या काठावरची पळी उचलली.

पळी बुडाली. वर आली. बाबांनी फुंकर घातली. सासूबाई भिंतीकडे बघत होत्या. कडेवरच्या गठुड्यानं आजोबांच्या दिशेनं हात पसरले. आजोबा पळी घेऊन उभे राहिले की त्याला नेहमीच गंमत वाटायची.

"चुकलं, बाबा," सून म्हणाली. "दोन्ही चुकलं. पहिलं नुसतं पाणी होतं. दुसरं मीठ."

पळी ओठांजवळ थांबली. बाबांनी बायकोकडे पाहिलं. तिनं मान वर केली नाही.

"लग्न झाल्यापासून पहिल्यांदा मला बरोबर म्हणालीस," ते म्हणाले. "तेव्हाच मला कळायला हवं होतं."

कोणी हसलं नाही. बाबांनी पळीतला रस पातेल्यात परत ओतला, शेगडी बंद केली आणि तिथेच उभे राहिले. रस निवाला, त्यावर साय धरली. मुलगा संध्याकाळी आल्यावर पातेलं उचलायला पुढे झाला तर त्यांनी त्याला हात लावू दिला नाही. स्वतः वाटी वाटीनं मोरीत ओतलं. मोरी कितीतरी दिवस गोड वास मारत होती. चवीबरोबर वासही गेला होता की काय, तो घरात एकट्या बाबांनाच येत नव्हता.

पळी सुटली, गोळी बदलली, आणि हळूहळू फरक पडला. सूज उतरली. पोटॅशियम वर आलं. नाडी सुधारली. बाबा पुढच्या खोलीत खुर्ची टाकून बसत आणि रस्ता बघत. कपाटातल्या रिकाम्या बाटल्यांवर धूळ बसायला लागली तशी सून ती पुसून काढी, आणि ते म्हणत, "कशाला पुसतेस?" बोलणं एवढंच. गठुडं त्यांच्या गुडघ्याला धरून उभं राहायला शिकलं. ते त्याच्या डोक्यावर हात ठेवत, पण त्यांचं लक्ष दुसरीकडेच असे.

एका सकाळी ते सुनेला म्हणाले, "जीभ गेल्यापासून मी जे घाणे काढले, ते कोणाकोणाकडे गेले?"

सुनेच्या मनात हा प्रश्न आधीच येऊन गेला होता. तो बाबांच्या मनात येऊ नये असं तिला वाटत होतं. मास्तरीणबाईंकडे ती मागेच जाऊन आली होती. त्यांची अंगठी निघाली होती. बाकीच्यांचं ती एकेक करून बघणार होती, बाबांना न कळवता.

"मी आणतो गोळा करून सगळ्या बाटल्या," नवरा म्हणाला. "स्कूटरवर दोन फेऱ्यांत होईल."

"बाटली तू आणशील," बाबा म्हणाले. "सांगायचं कोण?"

सासूबाईंचे गुडघे एवढं चालू देत नव्हते. म्हणून सून निघाली, कडेवर गठुडं आणि हातात पिशवी. बरोबर बाबा, भिंतीच्या कडेकडेनं, दर थोड्या वेळानं थांबत. दारोदार ते एकच बोलत. माझी जीभ गेली होती, मला कळलं नाही, अर्क चुकीचा झालाय, घेऊ नका, आणि एकदा रक्त तपासून घ्या. कोणी बाटली आणून देई. कोणी म्हणे, "अहो, आम्हाला तर त्यानं बरं वाटत होतं." भांड्यांना कल्हई करणाऱ्यानं त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "तुम्ही ह्या प्रकृतीत कशाला आलात? पोराला पाठवायचं." बाबा प्रत्येक दारात थोडे थोडे खाली वाकत चालले होते.

शिंप्याच्या दाराशी ते थबकले. दार उघडं होतं, पण आत शिलाई मशीनवर चादर टाकलेली होती. शिंप्याची बायको आतून आली.

"हा कुठे गेलाय?" बाबांनी विचारलं. "मशीन झाकून बसणाऱ्यांतला नाही तो."

ती एकदा सुनेकडे, एकदा त्यांच्याकडे बघत राहिली. "गेले ना," ती म्हणाली. "महिना होत आला. तुम्हीच बरे नव्हता, म्हणून मी कळवू दिलं नाही. सकाळी उठून सुईत दोरा ओवत होते. तेवढ्यात. पहिल्यापासून हृदय अधूच होतं, तुम्हाला तर माहीतच आहे."

बाबांनी चौकटीला हात लावला. तिनं आतून बाटली आणली. रिकामी, स्वच्छ धुतलेली. "द्यायचीच होती तुम्हाला. शेवटी शेवटी फार आवडीनं घ्यायचे. म्हणायचे, अर्कवाल्यानं हल्ली गोड केलाय, म्हाताऱ्यांचे लाड करतोय."

बाबांनी बाटली हातात घेतली. सुनेला वाटलं, आता नमस्कार करावा आणि निघावं. इथे कोणाला वाचवायचं राहिलेलं नाही. ऐकून कोणाचं भलं होणार नाही. तिनं बाबांच्या बाहीला हात लावला. बाबांनी तो हळूच बाजूला केला आणि इतर दारांत सांगितलं तेच सांगितलं, एक शब्द कमी न करता.

बाई ऐकत उभी राहिली. "म्हणजे त्यानं गेले का?"

"मला माहीत नाही," बाबा म्हणाले. "त्यानं असेल. नसेलही. आता ते कोणालाच कळणार नाही."

तिनं मागे वळून मशीनवरची चादर सरळ केली. ती सरळच होती. "मग हे मला कशाला सांगितलंत?" ती म्हणाली. आवाज चढवून नाही. "मी आपली बरी होते. हृदय होतं तसलं, गेले, असं म्हणून झोपत होते."

बाबा नुसते उभे राहिले, वर्गात नाव पुकारलेल्या आणि धडा न आलेल्या मुलासारखे.

"ती बाटली द्या इकडे," बाई म्हणाली. तिनं त्यांच्या हातातून ती काढून घेतली. "राहू दे माझ्याकडे." आणि तिनं दार ओढून घेतलं. आपटलं नाही, ओढून घेतलं.

कोपऱ्यावर एक बसकी भिंत होती, तिच्यावर बाबा टेकले. सूनही शेजारी बसली. गठुडं भुकेनं किरकिरत होतं. तिनं ओढणी पुढे घेतली आणि त्याला पाजायला घेतलं. ते पिऊ लागलं तसा आजूबाजूचा रस्ता शांत वाटायला लागला. माणसं पुढून जात होती. बाबांना कोणी ओळखलं, कोणी मान हलवली.

"पाय बघ," बाबा म्हणाले. त्यांनी दोन्ही पावलं पुढे केली. घोटे दिसत होते, शिरा दिसत होत्या, चपला नीट बसल्या होत्या. "किती हलके झालेत." दुसऱ्या कुणाच्या पायांविषयी सांगावं तसं त्यांनी ते सांगितलं.

"घरी जाऊ या, बाबा. उरलेलं उद्या करू."

"आता पुढचं घर कोणाचं?"

तिनं गठुड्याचं तोंड पुसलं. खोटं सांगता आलं असतं. सगळी झाली, असं. "घड्याळवाल्यांचं," ती म्हणाली.

"घरी असतील ना ते?"

"माहीत नाही, बाबा."

त्यांनी हात पुढे केला. तिनं मुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि त्यांना उठवलं.